दीक्षा, पंगत आणि खांदा

माणूस एखाद्या समूहात शिरतो तेव्हा नेमके काय घडते, यावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. आर्नल्ड व्हान गेनेप या फ्रेंच अभ्यासकाने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगभरच्या संस्कारविधींची एक समान घडण दाखवून दिली. आधी माणसाला त्याच्या जुन्या जागेवरून उठवतात, मग काही काळ ना इकडचा ना तिकडचा असा ठेवतात, आणि शेवटी नव्या जागी आणून बसवतात. पुढे व्हिक्टर टर्नर यांनी आफ्रिकेतील न्डेम्बू लोकांच्या विधींचा अभ्यास करून मधल्या अधांतरी काळावर भर दिला. त्या काळात दर्जा, मालमत्ता, मोठेपणा सगळे गळून पडते आणि सोबत्यांमध्ये बरोबरीचे नाते तयार होते, हे त्यांनी १९६९ च्या ग्रंथात मांडले. ही मांडणी भक्कम आहे आणि आजही कामाची आहे. मात्र तिची नजर जवळजवळ सतत नव्याने येणाऱ्यावर खिळलेली असते: त्याचे केस उतरवले, त्याला उपाशी ठेवले, त्याला मंत्र दिला, त्याचे नाव बदलले. ज्यांनी त्याला आत घेतले त्यांच्यावर त्या दिवसापासून कोणते बंधन आले, हा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते दीक्षेचा खरा अर्थ याच मागे राहिलेल्या प्रश्नात आहे. प्रवेश पुरा झाला की नाही, हे उमेदवाराने घेतलेल्या शपथेवरून कळत नाही. पंगतीत त्याचे पान मांडले का, त्याच्या घराशी सोयरीक झाली का, आणि त्याच्या मयताला खांदा द्यायला कोण आले, यावरून ते कळते. महाराष्ट्र आणि गोव्याच्या इतिहासात याचा पुरावा ठायी ठायी पडलेला आहे.

मुंजीपासूनच सुरुवात करू, कारण हा विधी व्हान गेनेपच्या तीन टप्प्यांत अगदी चपखल बसतो. सकाळी मातृभोजन होते. आईबरोबर एका ताटात जेवण्याची ती शेवटची वेळ मानली जाते. मग मुलाची हजामत होते, लंगोटी नेसवतात, कमरेला मुंजा गवताची मेखला बांधतात, हातात पळसाचा दंड देतात. वडील डोक्यावरून वस्त्र घेऊन त्याच्या कानात गायत्रीचा उपदेश करतात. पण विधी तिथे संपत नाही. त्यानंतर बटू भिक्षावळीला निघतो, आणि पहिली भिक्षा घालते ती आईच. नंतर घरातल्या आणि नात्यातल्या बायका त्याच्या झोळीत लाडू, तांदूळ, पैसे घालतात. सोडमुंजीच्या वेळी तर बटू छत्री आणि काठी घेऊन काशीला निघाल्याचे सोंग करतो आणि मामा त्याला अडवून, माझी मुलगी तुला देतो, असे सांगून परत आणतो. सारे हसतात आणि ते लुटुपुटुचेच असते, पण त्या प्रसंगाची जागा नेमकी आहे. मुलाने व्रत घेतले, वेद शिकण्याचे बंधन पत्करले. त्याच्या बदल्यात समूहाने त्याला अन्न घातले आणि मुलगी देण्याचा शब्द दिला. विधीची एक बाजू मुलाच्या अंगावर आहे आणि दुसरी बाजू भोवती जमलेल्यांच्या. ही दुसरी बाजू काढून टाकली तर उरतो तो फक्त मुंडण केलेला एक मुलगा. अर्थात या विधीने कोणाला आत घेतले हे सांगताना कोणाला बाहेर ठेवले हेही सांगायला हवे. घरातल्या मुली बाहेर होत्या आणि गावातले बहुसंख्य लोक बाहेर होते.

हे बाहेर ठेवणे किती महागात पडू शकते, हे १६७४ साली स्वराज्याच्या धन्याला अनुभवावे लागले. शिवाजीमहाराज तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. किल्ले, आरमार, खजिना, फौज सारे हाताशी होते. संभाजीराजे सतरा वर्षांचे झाले होते. तरीही ६ जूनच्या राज्याभिषेकाआधी त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, २९ मे रोजी त्यांची मुंज लागली आणि नंतर आपल्याच राण्यांशी त्यांचे समंत्रक विवाह पुन्हा झाले. गागाभट्ट काशीहून आले ते त्यासाठीच. या मुंजीने महाराजांच्या अंगी नवे असे काय आले? शौर्य नाही, राज्य नाही, प्रजेचे प्रेमही नाही. ते सगळे आधीच होते. विधीने मिळवायची होती ती एका समूहाची कबुली: हा पुरुष क्षत्रिय आहे आणि आम्ही त्याला तसाच वागवू. उमेदवाराची पात्रता इतकी निर्विवाद असताना विधी लागतो, याचाच अर्थ तो उमेदवारासाठी नसतो. कबुली देणाऱ्यांना बांधून ठेवण्यासाठी तो लागतो.

आणि ते बांधले गेले का? सव्वादोनशे वर्षांनी त्याच घराण्याला याचे उत्तर मिळाले. १८९९ च्या कार्तिक महिन्यात कोल्हापुरात पंचगंगेवर शाहू महाराज स्नानाला जात असताना पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतो आहे, हे सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषाला क्षत्रियाचे मंत्र नाकारले जात होते. पुढे वाद पेटला, राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला, ‘केसरी’ने १९०१ मध्ये या मागणीविरुद्ध अग्रलेख लिहिले आणि १९०२ मध्ये महाराजांनी राजोपाध्यांची इनामे जप्त केली. हा मंत्रांचा किरकोळ वाद होता, राज्यकर्त्याने त्यात एवढे शिरायला नको होते, असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. ते म्हणणे मला पटत नाही. मुद्दा मंत्राच्या छंदाचा नव्हता. रायगडावर दिलेली कबुली समूहाने गुपचूप परत घेतली होती, आणि पिढ्यानपिढ्या कोणी विचारले नाही म्हणून ते खपून गेले होते. प्रवेश एकदा मिळाला की कायमचा मिळाला, हा समज या प्रकरणाने खोटा ठरवला. आत घेणाऱ्यांनी आपला शब्द रोज पाळला तरच तो प्रवेश टिकतो.

इथे मानसशास्त्राचा एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. एलियट अॅरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चागटात येऊ इच्छिणाऱ्या काही विद्यार्थिनींना प्रवेशासाठी लाज वाटेल असे शब्द आणि उतारे मोठ्याने वाचायला लावले, काहींना सौम्य परीक्षा दिली, काहींना तसेच घेतले. नंतर सगळ्यांना गटाची एक मुद्दाम रटाळ ठेवलेली चर्चा ऐकवली. ज्यांना अवघड परीक्षेतून जावे लागले होते त्यांना ती रटाळ चर्चा सर्वांत जास्त आवडली. १९६६ मध्ये जेरार्ड आणि मॅथ्यूसन यांनी विजेच्या धक्क्यांचा उपयोग करून असाच निष्कर्ष काढला. म्हणजे सोसलेल्या कष्टांची किंमत मनाला कुठेतरी वसूल करावी लागते आणि ती समूहाच्या प्रेमातून वसूल होते. या न्यायाने दीक्षेचे सगळे काम उमेदवाराच्या मनातच होते, समूहाने काही देण्याघेण्याचा प्रश्नच उरत नाही. पण या प्रयोगांनी नेमके काय सिद्ध झाले ते नीट पाहावे. रटाळ गटही कष्टामुळे गोड वाटू लागतो, एवढेच त्यांनी दाखवले. तो गट त्या मुलीच्या अडीअडचणीला उभा राहील का, याबद्दल ते काहीच सांगत नाहीत, आणि सांगणार तरी कसे. तसा गट प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता. उमेदवाराची ओढ हा आपलेपणाचा अर्धा भाग झाला. एकतर्फी ओढ निर्माण करणारी यंत्रे आपल्याकडे कमी नाहीत.

वसतिगृहातले रॅगिंग हे त्यातले सर्वांत उघडेनागडे. त्याचे समर्थन करणारे आजी-माजी विद्यार्थी नेहमी दीक्षेचीच भाषा वापरतात: आम्हीही सोसले, त्यातून मैत्री जुळते, मुले कणखर होतात. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले, तरी हा युक्तिवाद मरत नाही. त्याला उत्तर द्यायचे तर हीच कसोटी लावावी. रॅगिंग करणारा त्या रात्रीनंतर कशाने बांधला जातो? त्याने कोणता शब्द दिलेला असतो? नवा मुलगा आजारी पडला, फी भरायला पैसे कमी पडले, परीक्षेत नापास झाला, तर त्याला विचारण्याचा हक्क त्या रात्रीतून जन्माला येतो का? कुठे एखादा चांगला सीनियर मदत करतो, पण ती त्याच्या स्वभावाची देणगी असते. त्याने मदत केली नाही तर कोणी त्याला जाब विचारत नाही. ज्या विधीत फक्त एकच बाजू वाकते तो दीक्षेचा विधी नव्हे, ती जुलूमशाहीची तालीम आहे. याच्या शेजारी हिंदुस्तानी संगीतातला गंडाबंधनाचा विधी ठेवून पाहावा. गुरू शिष्याच्या मनगटावर धागा बांधतो, गूळ-चणे भरवतो, शिष्य नजराणा ठेवतो, आणि हे सारे इतर गवयांच्या साक्षीने होते. त्या साक्षीचा उपयोग दोन्हीकडे होतो. शिष्य घराणे सोडून गेला तर त्याचे नाव निघते, तसे गंडा बांधूनही गुरूने हातचे राखून शिकवले तर त्याचेही निघते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा धाग्याऐवजी फी आणि वर्ग आले. ज्यांना कोणत्याच उस्तादाने गंडा बांधला नसता त्यांना दार उघडले, हा फार मोठा लाभ होता. विद्यालयाने पत्करलेले बंधन गुरूच्या बंधनापेक्षा उथळ होते खरे, पण ते लिखित होते आणि सर्वांना सारखे होते.

वारकरी संप्रदायाचे उदाहरण यात सर्वांत गुंतागुंतीचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. तुळशीची माळ घालून घेण्याइतका साधा प्रवेशविधी क्वचितच कुठे असेल. फडावरच्या किंवा गावातल्या जाणत्या महाराजांच्या हातून माळ गळ्यात पडते. मांस आणि दारू सोडायची, एकादशी करायची, हरिपाठ म्हणायचा, पंढरीची वारी चुकवायची नाही, एवढा शब्द द्यायचा. जात विचारण्याचे विधीत कारण नाही, संस्कृत लागत नाही, खर्च लागत नाही. आणि समूहाची बाजूही इथे देहाने व्यक्त होते: माळकरी भेटला की दुसरा माळकरी त्याच्या पायाला हात लावतो, मग वयाने कोण मोठा हे पाहिले जात नाही. समूहाने नव्या माणसापुढे वाकावे, असा नियमच करून ठेवलेला हा संप्रदाय आहे. त्याच्या कथांमध्ये प्रवेशाची परीक्षा आहे, पण तिचा रोख निराळा आहे. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून मडकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. देवाच्या सर्वांत लाडक्या भक्तालाही गुरूवाचून पक्के म्हणायला संतमंडळी तयार नव्हती. देवाशी जवळीक असणे आणि समूहात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कथेने स्पष्टपणे मान्य केले आहे.

ज्यांना अधिकृत गुरू मिळणे कठीण होते त्यांच्याबाबतीत दीक्षा स्वप्नात होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. बहिणाबाई ब्राह्मण घरातली विवाहित स्त्री, आणि तिला हवा असलेला गुरू शूद्र म्हणवला जाणारा. तिलाही तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला. स्वप्नातल्या दीक्षेला साक्षीदार लागत नाही आणि ती कोणाला रोखता येत नाही. पण तिची उणीवही तिथेच आहे. तिने समूह बांधला जात नाही, म्हणून बहिणाबाईला पतीचा मार आणि तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीचा छळ सोसावा लागला. जागेपणीचा स्वीकार तिला पुढे देहूत मिळवावा लागला.

मग माळ घालणाऱ्या समूहाने आपला शब्द पाळला का? भजनात पाळला, पंगतीत पाळला नाही, देवळात तर शतकानुशतके पाळला नाही. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे, म्हणजे मरणानंतरही दाराबाहेरच. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. एकाच दिंडीतली माणसे टाळ एकत्र वाजवत आणि चुली वेगळ्या मांडत, आणि याचे दुःख त्यांना वाटभर टोचत राहिले. हे लेखन स्वातंत्र्याच्या आगेमागेचे आहे, चोखोबांनंतर सहाशे वर्षांचे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले. संप्रदायाने आध्यात्मिक समतेचा दावा केला होता, सामाजिक समतेचा नव्हता, म्हणून त्याला या कसोटीवर तोलणे अन्यायाचे आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. या म्हणण्यात इतिहासाची एक बाजू खरी आहे. पण पायाला हात लावण्याचा नियम ज्या समूहाने स्वतःच केला, त्याने बरोबरीचा दावा देहाने केलेला होता. ज्याच्या पायाला हात लावला त्याच्या हातचे पाणी चालत नाही, ही विसंगती बाहेरून लादलेली नाही. ती आतली आहे, आणि संतांनाही ती दिसत होती, याची साक्ष चोखोबांचे अभंगच देतात.

पंगतीचे हे महत्त्व एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांना चांगले उमगले होते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागे. तो एक घास म्हणजेच प्रवेशविधी. जातीच्या नियमांवर उभ्या असलेल्या माणसाला जुन्या जागेवरून उठवण्याचा यापेक्षा थेट उपाय नव्हता. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान या मंडळीत होते, आणि ज्यांनी तो घास घेतला त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण मंडळी गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर फुटण्याची धास्ती बसली आणि मंडळी विरून गेली. उमेदवाराने आपली जात पणाला लावली होती. मंडळी मात्र त्याच्या बाजूने चारचौघांत उभी राहण्याला बांधलेली नव्हती. १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला, तो टिकला. त्याची सामाजिक धार मंडळीपेक्षा बोथट होती हे खरे, पण त्याचा सभासद एकटा पडत नव्हता.

परत घेण्याच्या विधींमध्ये हीच गोष्ट आणखी स्वच्छ दिसते, कारण तिथे जुने आणि नवे दोन्ही समूह समोरासमोर असतात. नेताजी पालकर औरंगजेबाच्या चाकरीत मुसलमान झाले आणि १६७६ मध्ये शिवाजीमहाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले. फलटणच्या बजाजी निंबाळकरांविषयीही अशीच परंपरागत हकीकत सांगतात. त्या हकीकतीच्या तपशिलांवर वाद आहेत, पण तिचा शेवट ज्याने होतो ती गोष्ट निर्विवाद आहे: महाराजांची कन्या सखूबाई निंबाळकरांच्या मुलाला, महादजीला, दिलेली होती. लोकांच्या स्मरणाने शुद्धीची खूण म्हणून होम-हवन धरले नाही, सोयरीक धरली.

गोव्यात याच्या उलट घडले. १९२८ मध्ये मसूरकर महाराजांच्या पुढाकाराने सात-आठ हजार ख्रिस्ती गावडे हिंदू झाले. पोर्तुगीज राजवटीच्या डोळ्यांदेखत हे करणे सोपे नव्हते, आणि आत येणाऱ्यांनी मोठी जोखीम पत्करली. विधी यथासांग झाला, नावे बदलली. पण त्यांची ओळख ‘नवहिंदू गावडे’ अशी वेगळी राहिली. ख्रिस्ती गावड्यांशी संबंध तुटले आणि आधीपासून हिंदू असलेल्या गावड्यांनी रोटी-बेटीसाठी त्यांना आपले मानले नाही. म्हणजे व्हान गेनेपच्या भाषेत ही माणसे मधल्या टप्प्यावरच थांबली, आणि त्यांची पुढची पिढी तिथेच जन्माला आली. ज्यांनी हा सोहळा घडवला त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण हजारो माणसांना हलवताना त्यांच्या मुलींना कोणत्या घरात सून म्हणून घेतले जाईल, हे आधी ठरवले नसेल, तर त्या सोहळ्याची जबाबदारी अपुरी पार पाडली असेच म्हटले पाहिजे.

समूहाला आपले दार बंद ठेवण्याचा हक्क नाही का, हा यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. सगळ्यांना घेणारा समूह हा समूहच राहत नाही, आणि छोट्या समाजांच्या बाबतीत तर हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. मुंबईतले १९०८ चे पेटिट विरुद्ध जिजिभॉय प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच युवतीशी विवाह केला आणि मुंबईत तिचा नवजोत झाला, म्हणजे सुदरेह आणि कुस्ती तिने विधिपूर्वक धारण केली. पारशी पंचायतीच्या निधींवर आणि दखम्यांवर, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यांवर, अशा दीक्षित व्यक्तीचा हक्क आहे का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर आणि न्या. बीमन यांच्यापुढे आला. झरतुष्ट्री धर्मात परक्याला प्रवेश निषिद्ध नाही, हे मान्य झाले. पण पारशी असणे हा वंशाचा प्रश्न आहे, आणि दीक्षा घेतलेली परकी व्यक्ती त्या निधींची लाभार्थी होत नाही, असा निकाल लागला. पारशी पुरुषाला परक्या स्त्रीपासून झालेल्या मुलांना मात्र, विधिपूर्वक आत घेतल्यास, पारशी मानले गेले. १९४१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख १४ हजार असलेला हा समाज २०११ मध्ये सुमारे ५७ हजारांवर आला. इतक्या लहान समाजाची धास्ती बाहेरच्याने हसण्यावारी नेऊ नये. दार बंद ठेवण्याचा त्यांचा हक्क मी मान्य करतो. माझी हरकत वेगळी आहे. नवजोत करून घ्यायचा, प्रार्थनेत सामील करायचे, आणि मरणाच्या वेळी दखमा तुझा नाही म्हणायचे, ही अर्धी दीक्षा आहे. नाही म्हणायचेच तर सुदरेह अंगावर चढवण्याआधी म्हणावे. पुरुषाच्या मुलांना एक न्याय आणि स्त्रीच्या मुलांना दुसरा, हे तर कोणत्याच वंशशास्त्रात बसत नाही.

आता या सगळ्या इतिहासाचा जाणीवपूर्वक विचार करून घडवलेल्या दीक्षेकडे येऊ. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केल्यापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एकवीस वर्षे घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी त्रिशरण-पंचशील घेतले. त्यानंतर स्वतः बाबासाहेबांनी समोर उभ्या असलेल्या लाखो लोकांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. एका उपासकाने उपासकांना दीक्षा देणे ही गोष्ट परंपरेत बसणारी नव्हती. पण त्यामागचे कारण ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात नोंदलेले आहे. संघात जाणाऱ्या भिक्खूसाठी विधी होता, पण धम्म स्वीकारून घरीच राहणाऱ्यासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती, आणि बौद्ध धम्म भारतातून लोपण्याच्या कारणांत ती एक होती, असे त्यांचे मत होते. दीक्षा नसल्यामुळे गृहस्थ एका धर्मातून दुसऱ्यात सहज ये-जा करत, एकाच वेळी दोन्ही पाळत. विधी म्हणजे पोकळ उपचार, मनाने स्वीकारले की पुरे, असे म्हणणाऱ्यांना याहून नेमके उत्तर मला कुठे आढळलेले नाही. विवेकवादाचा एवढा मोठा पुरस्कर्ता विधीची बाजू घेतो, ती चमत्कारासाठी नव्हे. बांधिलकी दिसावी, मोजता यावी, तिचा जाब विचारता यावा, यासाठी तो ती घेतो.

यावर असा आक्षेप घेतला गेला, की या दीक्षार्थींना आत घेणारा समूहच तिथे नव्हता. सगळेच नवे, मग प्रवेश कोणी दिला? मला या आक्षेपातच त्या दिवसाचे वेगळेपण दिसते. तोवरच्या प्रत्येक दारावर कोणीतरी आधीचा बसलेला होता आणि त्याची मर्जी लागत होती. नागपुरात लोकांनी एकमेकांच्या साक्षीने एकमेकांना आत घेतले, आणि गावोगाव परत जाऊन त्या प्रतिज्ञा एकत्र पाळल्या. देव्हाऱ्यातले देव काढले, मेलेली जनावरे ओढण्याचे आणि गावकीचे काम सोडले, आणि त्यापायी गावाचा रोषही एकत्र सोसला. दीक्षेनंतर आठ आठवडे पुरे होण्याआधीच, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. समूह तरीही टिकला, कारण त्याचे बंधन एका गुरूपाशी बांधलेले नव्हते. सरकारी कागदावर मात्र उलटे झाले. धर्म बदलल्यामुळे केंद्राच्या लेखी ही माणसे अनुसूचित जातींतून बाहेर पडली आणि बौद्धांचा त्यात समावेश होण्यासाठी १९९० सालची दुरुस्ती यावी लागली. आणि एक हिशेब घरातला आहे. दीक्षा घेणारे मोठ्या संख्येने एकाच जातीचे होते. इतर जातींतून धम्मात आलेल्यांशी सोयरीक करताना आजही अनेक घरे अडखळतात. जाती मोडण्यासाठी घेतलेल्या दीक्षेत बेटीव्यवहाराची कसोटी टाळता येणार नाही, आणि चळवळीतले जाणते लोक ते उघडपणे बोलतात, ही चांगली गोष्ट आहे.

प्रवेशाने समूह कशाने बांधला गेला होता, हे सर्वांत स्पष्ट कळते ते माणसाला बाहेर काढताना, कारण तेव्हा एकेक वस्तू मोजून परत घेतली जाते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे आणि टिळकांसारख्यांवर ग्रामण्य झाले. ग्रामण्य म्हणजे पंगत बंद, सोयरीक बंद, भटजी बंद. जातपंचायतींच्या बहिष्काराचे स्वरूप आजही तेच आहे, आणि त्यावरचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा वाचला तर त्यात लग्न, अंत्यविधी, सामाजिक व्यवहार यांत आडकाठी करणे हाच गुन्हा ठरवलेला दिसतो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांना समूहाचे खरे हत्यार कुठे आहे ते बरोबर कळले होते. मात्र धर्मसत्तेने काढलेल्या बहिष्काराचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. बहिष्कार हा धार्मिक व्यवहाराचाच भाग आहे, असे बहुमत होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी एकट्याने वेगळे मत दिले. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हा त्यांच्या मताचा गाभा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क धर्मसमूहाकडे राहावा, पण ज्याला एकदा आत घेतले त्याची मशीद, त्याची पंगत आणि त्याची कबर काढून घेण्याचा हक्क त्याच्याकडे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या एका प्रश्नात सिन्हांचे एकाकी मत बरोबर होते.